संथा कोण देणार?

चाळिशीतल्या माणसाला मास्तराशिवाय नवी भाषा येते का, यावर आमच्या गंगापूर रोडच्या घरी गेले कित्येक रविवार वाद चालू आहे. एका बाजूला आमचे हे. आयुष्यभर शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवलं, आणि रविवारी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर समंत्रक म्हणून गेले. दुसऱ्या बाजूला यांची भाची. मखमलाबादला घरची द्राक्षबाग, नोकरी दिंडोरी तालुक्यातल्या एका निर्यातीच्या पॅकहाउसमध्ये, आणि गेल्या वर्षापासून फोनवर स्पॅनिश शिकण्याचं खूळ. खूळ हा शब्द यांचा. मी मधे बसून चहा करते असं दोघांना वाटतं. खरं तर मी टिपणं काढते.

मामा : आधी मला सांग, सकाळी उठल्या उठल्या घुबडाचं तोंड पाहायचं, हे कुठल्या शास्त्रात बसतं?

भाची : हिरवं घुबड चालतं, मामा. आणि त्याला स्पॅनिश परकी नाही. ते ज्या ॲपचं, ते ड्युओलिंगो काढणाऱ्या दोघांतला एक, लुइस फॉन आन, मूळचा ग्वाटेमालाचा. स्पॅनिश बोलतच मोठा झालाय तो.

मामा : तो ग्वाटेमालाचा असेल, तू मखमलाबादची आहेस. परवा मी तुझ्या मागे उभा राहून पाहिलं. वाक्य येतं, खाली शब्द मांडलेले असतात, त्यातले उचलून जागेवर ठेवायचे. टिंग वाजलं की तू खूश. असे शब्द ताटात वाढून दिले तर मीही चिनी शिकेन.

भाची : हे कबूल. घुबडाने सवय लागते, भाषा नाही. चुकला दिवस की ते रडकं तोंड करतं, म्हणून आपण रोज उघडतो, एवढाच त्याचा उपयोग. मी तिथे थांबलेले नाही. शब्दांसाठी अंकी नावाचं ॲप वापरते. तुम्हाला ते आवडेल, कारण त्यात उजळणीशिवाय दुसरं काही नाही. आठवलेला शब्द चार दिवसांनी विचारतं, मग दहा दिवसांनी, मग महिन्याने. विसरलेला शब्द लगेच पुन्हा पुढे येतो. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले होते, माणूस किती वेळात किती विसरतो ते १८८५ मध्ये छापलं. त्या विसरण्याच्या हिशेबावर हे चालतं.

मामा : १८८५! आमच्या त्र्यंबकेश्वरच्या वेदपाठशाळेत विचार, उजळणी कधीपासून चालते ते. पदपाठ, क्रमपाठ, जटा, घन. तेच शब्द उलटसुलट गुंफून म्हणायचे, म्हणजे एकही अक्षर निसटत नाही. पण तिथे आणखी एक गोष्ट असते, ती तुझ्या फोनमध्ये नाही. संथा. गुरुजी एकदा म्हणतात, शिष्य दोनदा म्हणतो, आणि गुरुजी ऐकतात. ऐकतात, हे महत्त्वाचं. तुझं अंकी काय करतं? “आठवलं का?” म्हणून विचारतं, आणि “हो, आठवलं” हे तूच सांगतेस. परीक्षार्थी तू, परीक्षकही तू.

इथे भाची जरा अडली. हा घाव खरा बसला होता. अंकीत उत्तर बरोबर की चूक हे शिकणाऱ्यानेच ठरवायचं असतं, आणि रात्री अकरा वाजता, दिवसभर पेट्यांची मोजदाद करून आलेलं माणूस स्वतःला सढळ हाताने पास करतं. पण ती गप्प बसणारी नव्हे.

भाची : मग तुमच्या कपाटात सातवळेकरांचं ‘संस्कृत स्वयं-शिक्षक’ कशाला आहे? त्या पुस्तकाचं नावच काय ते बघा. पंडितजींनी स्वतःच लिहिलंय ना, मास्तर नको म्हणून?

मामा : आहे, आणि मी ते कितीकांना दिलंय. पण संस्कृत शिकणाऱ्याला वाचायचं असतं. त्याच्याशी संस्कृतमध्ये कोणी भावाची घासाघीस करायला येत नाही. तुला माणसांशी बोलायचं आहे.

भाची : हेच तुम्ही कधी विचारलं नाहीत. मला आधी बोलायचं नाहीच. मला ऐकायचं आहे. मामा, पेरू देशात पिउरा म्हणून भाग आहे. विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम पाच अंशांवर. चिलीत कडक थंडी पडते, वेल पानं गाळून झोपतो आणि वसंतात आपसूक फुटतो. पिउरात थंडी नाही, वेल झोपत नाही. आपल्याकडेही तेच. म्हणून आपण एप्रिलला खरड छाटणी करतो, ऑक्टोबरला गोडी छाटणी करतो, आणि एकसारखी फूट यावी म्हणून हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतो. म्हणजे नाशिकच्या बागेचं दुखणं युरोपातल्या पुस्तकांत सापडत नाही, ते पिउराच्या बागेत सापडतं. आणि गेल्या काही वर्षांत पेरू द्राक्षांच्या निर्यातीत जगात पहिल्या रांगेत जाऊन बसलाय. त्यांचे कृषितज्ज्ञ तास-तासभर बोलतात, बागेत उभं राहून काडी हातात धरून दाखवतात. सगळं स्पॅनिशमध्ये.

मामा : त्यासाठी भाषा शिकायची? फोन खाली भाषांतर लिहून देतो की.

भाची : देतो ना. छाटणीआधी आपण डोळे तपासतो, कितव्या डोळ्यात घड आहे ते पाहायला. त्यांच्याकडे डोळ्याला ‘येमा’ म्हणतात. अंड्याच्या बलकालाही तोच शब्द. फोनने मला लिहून दिलं, पाचव्या बलकावर छाटणी करा. तेव्हा मी ठरवलं, हे आपल्या कानांनीच ऐकायचं.

हा युक्तिवाद मला निर्णायक वाटला. हे मात्र हटले नाहीत. यांनी गाडी व्याकरणावर नेली, म्हणजे स्वतःच्या मैदानावर. आणि तिथेच, मजा अशी, भाची जिंकायला लागली.

मामा : बरं, ऐकून कळेल. पण व्याकरण कोण सांगणार?

भाची : लँग्वेज ट्रान्सफर म्हणून ध्वनिपाठ आहेत, मिखालिस एलेफ्थेरिऊ नावाच्या माणसाचे. नव्वद पाठ, फुकट. तो घोकायला देत नाही. प्रश्न टाकतो, थांबतो, आपल्यालाच वाक्य बांधायला लावतो. ‘शन’ने संपणारे इंग्रजी शब्द स्पॅनिशमध्ये ‘सिओन’ होऊन येतात, म्हणजे शेकडो शब्द तुला आधीच येतात, असं तो दाखवून देतो. पण तो उभा राहतो इंग्रजीवर. मग ‘आवडणं’ आलं की त्याला पाल्हाळ लावावा लागतो. मला द्राक्षं आवडतात, हे ते म्हणतात ‘मे गुस्तान लास ऊबास’. इंग्रजी माणसाला हे उलटं वाटतं, कारण त्यांच्यात आवडवून घेणारा कर्ता असतो. मी मराठीतून पाहिलं तर जसंच्या तसं. मला. आवडतात. द्राक्षं. आणि क्रियापद माझ्यामागे नाही, द्राक्षांमागे जातं. एक द्राक्ष असेल तर ‘गुस्ता’, अनेक असतील तर ‘गुस्तान’.

मामा : अगं, हे तर संस्कृतातही असंच. ज्याला रुचतं त्याची चतुर्थी, रुचणारी वस्तू प्रथमेत. पाणिनीने त्याला वेगळं सूत्र दिलंय. आणखी काय काय आहे तसं?

भाची : कप माझ्या हातून पडला. आपण “मी कप पाडला” असं सहसा कबूल करत नाही ना? तेही करत नाहीत. ‘से मे कायो’. पडला, आणि त्यात माझा संबंध चतुर्थीपुरता.

मामा : म्हणजे जबाबदारी झटकण्याची सोय दोन्हीकडे आहे. पुढे?

भाची : तू आणि तुम्ही. त्यांच्यात ‘तू’ आणि ‘उस्तेद’. ‘उस्तेद’ला क्रियापद तृतीय पुरुषी लागतं, “साहेब बसतील का?” म्हणावं तसं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा नवा विषय असतो. आपल्याला कोणाला काय म्हणायचं ते पोटातच असतं.

हे खुशीत आले की दाढी खाजवतात. खाजवली. पण लगेच सावरून म्हणाले :

मामा : हे तुला कुणी शिकवलं?

भाची : कुणी नाही. माझं मलाच दिसलं.

मामा : किती दिवसांनी? चांगला मास्तर असता तर पहिल्याच तासाला म्हणाला असता, मराठीतून बघ.

भाची : असा मास्तर आणायचा कुठून? नाशिकमध्ये जर्मनचा क्लास शोधला तर सापडतो. स्पॅनिशसाठी पुणं, मुंबई, नाहीतर दिल्लीची सेर्व्हांतेस संस्था. आणि तिथेही शिकवणार इंग्रजीतूनच. मामा, मी वर्षभर ‘टोमाटे’ म्हणत होते. टोमॅटो लिहायला टी, टी म्हणजे ट, ही आपली इंग्रजीची सवय. स्पॅनिशमध्ये तो स्वच्छ दंत्य त आहे. ‘तोमाते’. आपल्या तोंडात जन्मापासून त आहे, द आहे, हकार न मिसळलेला प आणि क आहे. इंग्रजांना त्यासाठी जीभ वळवावी लागते. आपण मात्र इंग्रजीच्या दारातून आत शिरतो आणि दाराशी आपला त काढून ठेवतो.

माझं स्वतःचं मत विचाराल तर या साऱ्या वादाचं मर्म इथे आहे. शिक्षक आहे की नाही ही पुढची गोष्ट. ही सगळी साधनं ज्याने केली, त्याच्या डोळ्यांसमोर इंग्रजी बोलणारा शिकाऊ माणूस आहे. जिथे त्याला ठेच लागते तिथे साधन थांबतं, समजावतं, सराव देतं. आपल्याला तिथे ठेच लागतच नाही, आणि जिथे लागते तिथे साधन सुसाट पुढे निघून जातं. मोठ्या वयात शिकणाऱ्याकडे मुलाइतकी कोवळी जीभ नसते, हे खरं. पण त्याच्याकडे एक पुरी भाषा असते. ती घरी ठेवून अभ्यासाला बसायचं हा शुद्ध तोटा आहे.

मामा : त आणि ट मला कळला. पण तो तुला वर्षाने कळला, हा माझा मुद्दा. ऐकणारं कोणी नव्हतं. तुझ्या फोनने ‘टोमाटे’ला टिंग वाजवलं की नाही?

भाची : वाजवलं.

मामा : झालं तर. आता म्हणून दाखव : तो देश, मग ‘पण’, मग कुत्रा.

भाची : पेरू. पेरो. पेर्रो.

मामा : दुसरा आणि तिसरा मला सारखाच ऐकू आला. मला स्पॅनिशचं अक्षर येत नाही, पण र एकदा फिरला की तीनदा, एवढं ऐकू येतं. तुझा पॅकहाउसचा साहेब लिमाला जाऊन ‘कुत्रा’ म्हणाला तर माल परत येईल. आणि हे ऐकत राहा, आपोआप येईल, असं सांगणारे ते तुझे लोक...

भाची : ड्रीमिंग स्पॅनिश. पाब्लो रोमान नावाच्या स्पॅनिश माणसाने काढलं. फळ्यावर चित्रं काढत सोप्या स्पॅनिशमध्ये गोष्टी सांगतात, इंग्रजीचा शब्द नाही. स्टीफन क्रॅशन म्हणून अमेरिकन भाषातज्ज्ञ, त्यांचा सिद्धांत यामागे आहे : कळेल असं भरपूर कानावर पडलं की भाषा रुजते, बोलण्याची घाई करू नये. बाळ तसंच शिकतं.

मामा : बाळाला आई उत्तर देते. बाळ ‘पापा’ म्हणालं की घर गोळा होतं. तुझ्या व्हिडिओतला माणूस तू काय म्हणालीस ते ऐकत नाही. आम्ही मुक्त विद्यापीठात काय करत होतो? १९८९ मध्ये ते सुरू झालं ते ‘ज्ञानगंगा घरोघरी’ म्हणत. पुस्तकं घरी जायची, आणि ती लिहिलेलीच अशी, की मास्तर पुस्तकातच असावा. मधे मधे स्वयंअध्ययनासाठी प्रश्न, मागे उत्तरं. तरी रविवारची संपर्क सत्रं कोणी बंद केली नाहीत. का? कारण घरी वाचलेलं तोंडातून बाहेर काढल्याशिवाय ते आपलं होत नाही.

भाची : माझी आई तुमच्याच केंद्रावर बी.ए. झाली. मी तेव्हा पाचवीत. तिला रविवारी यायला मिळायचं, कारण तिचा भाऊच समंत्रक होता. बाकीच्या बायकांना मिळायचं का? अर्ध्या जणी पुस्तकांवरच पास झाल्या.

हे खरं आहे, आणि हे यांना आवडत नसलं तरी मला माहीत आहे. त्या वर्गात सह्या असलेल्या आणि चेहरे नसलेल्या किती जणी होत्या, याची यादी आमच्याच कपाटात पडलेली असायची. क्लास लावणं म्हणजे पैसे भरणं एवढंच नव्हे. ठरलेल्या वेळी घराबाहेर पडता येणं, हे त्यातलं खरं शुल्क. माझ्या भाचीला दिवसात सलग तासभर मिळत नाही. ऑक्टोबर छाटणीत तर नाहीच. कुकरच्या शिट्ट्यांमध्ये दहा मिनिटं, दिंडोरीच्या बसमध्ये वीस, निजताना दहा, असे तुकडे मिळतात. स्वयंशिक्षणाची साधनं चांगली की वाईट, हा प्रश्न ज्याला पर्याय आहे त्याने विचारावा.

मामा : बरं. हिशेब कर. किती तास लागतात स्पॅनिशला?

भाची : अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांसाठी सहाशे ते साडेसातशे तास धरतं.

मामा : वर्गातले. मास्तरासमोरचे. आणि ते इंग्रजी बोलणारे.

भाची : हो. माझी रोजची चाळीस मिनिटं धरली तर तीन वर्षं. लावलेल्या बागेचा पहिला माल हाती यायलाही दोन वर्षं जातातच की, तेवढी वाट आपण पाहतो.

मामा : तुला खानखोजे माहीत आहेत? पांडुरंग सदाशिव खानखोजे, वर्ध्याचे. गदर पक्षातले क्रांतिकारक. इंग्रजांनी परतीचे रस्ते बंद केले, तेव्हा १९२४ मध्ये मेक्सिकोला गेले. वय चाळिशीचं, म्हणजे तुझंच. तिथल्या चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, मक्यावर, गव्हावर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या. दिएगो रिव्हेराने त्यांना भित्तिचित्रात घेतलं. एक वऱ्हाडी माणूस मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर! त्यांच्याकडे कुठलं घुबड होतं? माणसं होती. रोज समोर बसून विचारणारी.

मी मधे पडून म्हटलं, वर्धा वऱ्हाडात येत नाही. यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

भाची : मामा, तुम्ही माझीच बाजू मांडताय. खानखोजे अमेरिकेत शेतकी शिकून गेले होते. मका म्हणजे काय, बियाणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी स्पॅनिशमध्ये समजावून सांगायला नको होतं. विषय हातात असला की अर्धी भाषा विषयच ओढून आणतो. मला हॉटेलात कॉफी मागता येत नाही अजून, पण ‘पोदा’ म्हणजे छाटणी, ‘रासिमो’ म्हणजे घड, ‘रालेओ’ म्हणजे विरळणी, ‘रिएगो पोर गोतेओ’ म्हणजे ठिबक, हे मला विसरायचं म्हटलं तरी विसरता येणार नाही. घुबड मला अजून सफरचंद खाणाऱ्या मुलाचीच गोष्ट सांगतंय. म्हणून मी अंकीत माझेच पत्ते केले, बागेतल्या शब्दांचे.

मामा : आणि त्यात चूक राहिली तर? घोकून घोकून चूकच पक्की होणार. दे एखादं उदाहरण, जिथे घोकून भागत नाही.

भाची : आहे. ‘असणं’ त्यांच्याकडे दोन आहेत. ‘ला ऊबा एस बेर्दे’ म्हणजे द्राक्ष हिरव्या जातीचं आहे, थॉमसनसारखं. ‘ला ऊबा एस्ता बेर्दे’ म्हणजे द्राक्ष कच्चं आहे.

मामा : म्हणजे एका अक्षराने तू आपलाच माल आंबट ठरवणार. आणि हे चुकलं तर फोन काय म्हणेल? दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत. टिंग. हे ज्याला कळतं की तुझ्या मनात काय होतं, तोच पकडू शकतो.

यावर भाचीकडे उत्तर नव्हतं, असं मला वाटलं. होतं, पण ते तिने आठवडाभर लपवून ठेवलं होतं.

भाची : म्हणूनच बुधवारपासून लिमाच्या एका बाई आहेत, त्यांच्याशी बोलणार आहे. आपल्याकडे रात्री साडेआठ वाजतात तेव्हा तिकडे सकाळचे दहा. अर्धा तास, आठवड्यातून एकदा. जेवणं आटोपलेली असतात.

मामा : म्हणजे केलास की शेवटी गुरू!

भाची : गुरू नाही. धडा त्यांचा नाही, माझा. पिउराचा एक व्हिडिओ मी आदल्या दिवशी ऐकायचा आणि तो माझ्या शब्दांत त्यांना सांगायचा. त्यांनी फक्त अडवायचं.

मामा : याला आम्ही समंत्रक म्हणायचो. त्या बाईंना द्राक्षांतलं काय कळतं?

भाची : काहीच नाही. भाषा शिकवतात त्या, शहरातल्या आहेत.

मामा : मग विरळणी कशाला म्हणतात, हे तूच त्यांना समजावणार?

भाची : हो. आणि मी चुकले तर त्यांच्या डोक्यात भलतीच बाग उभी राहील. मग विचारतीलच.

मामा : म्हणजे शिकवणार तू, आणि फी देणारही तूच. चापिंगोत खानखोज्यांना पगार मिळायचा, एवढं लक्षात ठेव. आणि बुधवारी फोन लावण्याआधी माझ्यासमोर बसून दहा वेळा ‘पेर्रो’ म्हण. र मी मोजतो.